सूर, पट्टी आणि ठेका

मुलांनो, वर्गात गाणे सुरू झाले की तुमच्यापैकी काही जण नुसते ओठ हलवतात. विचारले तर सांगतात, "माझा आवाज वर जात नाही." बहुतेक वेळा आवाजात काही खोट नसते, पट्टी चुकलेली असते. म्हणून आज आपण गाण्यातले काही शब्द समजून घेऊ.

स्वर : षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. थोडक्यात सा रे ग म प ध नी. 'सा' आणि 'प' जागचे हलत नाहीत. रे, ग, ध, नी खाली उतरले की कोमल होतात आणि 'म' वर चढला की तीव्र. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, असे एकूण 12 स्वर.

सप्तक : खालचे मंद्र, मधले मध्य, वरचे तार. मध्य 'सा'ची सेकंदाला 240 कंपने असतील, तर तार 'सा'ची बरोबर दुप्पट, म्हणजे 480.

पट्टी : आपला 'सा' कोठे धरायचा, ते पट्टी ठरवते. पेटीवरून तिला 'काळी एक', 'पांढरी चार' अशी नावे पडली. पट्टी बदलली तरी चाल बदलत नाही, कारण स्वरांमधली अंतरे तीच राहतात. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा पट्टी खाली घ्यावीच लागते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ताल : ठरावीक मात्रांचे आवर्तन. दादरा 6 मात्रांचा, केरवा 8, तीनताल 16. पहिली मात्रा म्हणजे सम. तीनतालात 1, 5 आणि 13 या मात्रांवर टाळी, 9 वर खाली.

लय : मात्रा किती वेगाने पडतात ती गती. विलंबित, मध्य आणि द्रुत.

येथील 'अरदा' नृत्य तुम्ही सौदी राष्ट्रीय दिनाला, 23 सप्टेंबरला, पाहिले असेल. तलवारी घेतलेल्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. कवी ओळी म्हणतो आणि रांगा त्या आळीपाळीने गातात, ढोलांच्या ठेक्यावर. युनेस्कोने 2015 साली नजदच्या या कलेला आपल्या वारसा-यादीत घेतले. भाषा वेगळी, पण ठेका सगळ्यांनी मिळूनच धरायचा, हे तेथेही आहेच.

गृहपाठ : पेटी किंवा मोबाइलवरचा तानपुरा लावा. न ओरडता मंद्र 'प'पासून तार 'सा'पर्यंत जाता येईल अशी पट्टी शोधा आणि वहीत लिहा. पुढच्या शुक्रवारी त्यावरून आपण गाण्याचे गट पाडू. मग ओठ हलवणाऱ्यांचाही आवाज आम्हाला ऐकायला मिळेल.