क्लच बदलल्यानंतर ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर

ऐन पेरणीच्या तोंडावर क्लच प्लेट झिजली, ती बदलून घेतली, आणि सर्व जोडणी झाल्यावर इंजिन सुरूच होईना, असा प्रसंग अनेक शेतकऱ्यांवर येतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी पंप व नोझल खोलण्याची घाई केली जाते आणि पैसा व दिवस दोन्ही वाया जातात. कामापूर्वी जे इंजिन नीट सुरू होत होते, त्याचा दोष बहुधा कामाच्या वेळी ज्या भागांना हात लागला तेथेच सापडतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

क्लच हा इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे नेतो. इंजिन पेटण्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु क्लच प्लेटपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून विलग करावे लागतात. त्यासाठी बॅटरीच्या तारा, सेल्फ, डिझेलच्या नळ्या, इंजिन बंद करण्याची तार व क्लच पेडलची जोडणी यांपैकी बरेच भाग सोडवावे लागतात. शोध याच भागांत घ्यावा.

तपासणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, ब्रेक लावावा व चाकांना दगडाची उटी द्यावी. नंतर सेल्फ इंजिनास फिरवितो किंवा नाही, एवढेच पाहावे.

१. इंजिन फिरतच नसेल तर

पुढचा दिवा लावून सेल्फ मारावा. दिवा अगदी मंद झाल्यास बॅटरी उतरलेली आहे, टर्मिनल सैल आहे किंवा इंजिन कोठेतरी अडकले आहे असे समजावे. पूर्ण भारलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बॅटरीकडून गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या सांगाड्यास जाणारी अर्थिंगची जाड पट्टी विशेष लक्षपूर्वक पाहावी. ती जोडावयाची राहते, अथवा रंग व ग्रीस लागलेल्या जागी बसविली जाते. ती जागा घासून धातू उघडा करावा व बोल्ट घट्ट आवळावा.

दिवा पूर्ववत तेजस्वी राहिल्यास वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही. सेल्फची बारीक तार तपासावी. अनेक ट्रॅक्टरांत क्लच पेडल पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ न चालू देणारा सुरक्षा स्विच असतो. नव्या क्लचसाठी पेडलचा ढिलेपणा बदलल्यावर पेडल या स्विचपर्यंत पोहोचेनासे होते. स्विचची जागा जुळवून घ्यावी.

सेल्फ खरखरत असेल तर तो तिरका बसला आहे काय, हे पाहावे. इंजिन अडकल्याचा संशय आल्यास बॅटरीची तार काढून पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण फिरवून पाहावे. ते एकाच ठिकाणी ठाम अडत असेल तर क्लचच्या घरात एखादा बोल्ट पडला असण्याचा संभव असतो. मग जोर न करता मेस्त्रीस पुन्हा उघडावयास सांगावे.

२. इंजिन फिरते, पण पेट घेत नसेल तर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. म्हणून इंजिन वेगाने फिरणे व डिझेल पोहोचणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून मुळीच धूर न आल्यास डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर आल्यास डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. तेव्हा इंजिन मंद फिरते काय हे पाहावे.

धूर नसल्यास टाकीचा कॉक उघडा आहे ना, हे पाहावे. बंद करण्याची तार पंपाचा दांडा बंद बाजूस धरून तर ठेवीत नाही ना, याची खात्री करावी. पंपावर विजेचा बंद-स्विच असल्यास त्याची तार जोडावी. त्यानंतर नळ्यांतील हवा काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा व बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. हीच कृती पंपावरील स्क्रूवर करावी. कॉमन रेल पद्धतीच्या ट्रॅक्टरांत उच्च दाबाच्या नळ्या सैल करू नयेत.

३. जिवास जपावे

पाना किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ थेट कधीही चालवू नये. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिल्यास तो तत्काळ पुढे सरकतो आणि चाकाजवळ उभा असलेला मनुष्य त्याखाली सापडतो. सुरक्षा स्विचच्या तारा एकमेकींस जोडून तो निकामी करू नये. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये काही वेळ त्यास थंड होऊ द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस एक सवय लावावी. क्लचचे काम सुरू होण्यापूर्वी सोडविलेल्या प्रत्येक तारेस व नळीस चिठ्ठी बांधावी, त्यांची यादी कागदावर लिहावी आणि जोडणीनंतर मेस्त्रीसमक्ष ती वाचून पडताळावी. एवढ्या काळजीने पेरणीचा एक दिवस वाचू शकतो.