रुग्णसेवा संगणक प्रणालीची उभारणी : आपले कर्मचारी की बाहेरील सल्लागार?

रुग्णालयाच्या कारभारातील एखाद्या प्रश्नाचा साधकबाधक विचार देणगीदारांपुढे आणि रुग्णांच्या आप्तेष्टांपुढे मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख अहवालात समाविष्ट केला आहे. विषय वरकरणी रुक्ष आहे. चौकशी, दूरध्वनी, भेटीच्या वेळा आणि तक्रारी यांची एकत्रित नोंद ठेवणारी संगणक प्रणाली रुग्णालयात आणावयाची झाल्यास ती बसविण्याचे व सुरळीत चालू करून देण्याचे काम आपल्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवावे, की त्यासाठी बाहेरील सल्लागार नेमावेत, असा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. यासाठी लागणारा पैसा आपल्या देणग्यांतून येणार असल्याने निर्णयामागील विचार आपणांस ज्ञात असणे उचित होय.

बाजारात या प्रणाल्या 'ग्राहकसेवा' या नावाने विकल्या जातात. रुग्णाला ग्राहक म्हणणे आमच्या कानांना रुचत नाही. तथापि कायद्याची दृष्टी वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. ज्या रुग्णालयात काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते व काहींना विनामूल्य सेवा दिली जाते, तेथील विनामूल्य रुग्णही या संरक्षणास पात्र ठरतात, हे त्या निर्णयात स्पष्ट झाले. म्हणजेच आमच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या दोन व्यक्तींपैकी पैसे भरणारी कोण आणि न भरणारी कोण, यावरून उत्तराची प्रत बदलता येत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. रुग्णाचा नातेवाईक प्रथम चौकशी खिडकीवर येतो, तेथून देयक विभागात, तेथून समाजसेवा विभागात आणि पुन्हा खिडकीवर. प्रत्येक ठिकाणी तो आपली कहाणी प्रारंभापासून सांगतो. सायंकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रात्रपाळीतील कर्मचाऱ्यास ठाऊक नसते, कारण ते दुसऱ्या वहीत लिहिलेले असते. प्रणालीचे काम इतकेच, की प्रश्न एकदा नोंदला जावा, त्यास क्रमांक मिळावा, तो योग्य विभागाकडे जावा आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाच्या तरी नावावर राहावा. या क्रमांकाला विक्रेते 'तिकीट' म्हणतात. आमच्याकडील बहुतेक आप्तेष्टांच्या मनात त्या शब्दाने एस.टी.च आठवेल, तो शब्द बदलून घ्यावा लागेल.

धर्मादाय रुग्णालयाच्या बाबतीत मात्र हे काम वाटते तितके सरळ नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली आणि १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेली योजना आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून घ्यावयाचे असते. तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहून आर्थिक स्थितीची शहानिशा करण्याचे काम वैद्यकीय समाजसेवकाकडे असते. याखेरीज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांचे नियम निराळे.

आता कल्पना करा, की व्यापारी रुग्णालयांत काम केलेला एखादा कुशल सल्लागार प्रणाली बसवितो. थकबाकी राहिली की दर दोन दिवसांनी भ्रमणध्वनीवर स्मरणसंदेश जावा, अशी योजना तो करतो. त्याच्या अनुभवात ती योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबाचा निर्धन रुग्ण म्हणून अर्ज विचाराधीन आहे, त्यासही तोच संदेश जाईल. तो वाचून एखादा मुलगा आपल्या आईला उपचार अर्धवट सोडून घरी घेऊन गेला, तर ती चूक कोणत्याही दोषनोंदीत दिसणार नाही, कारण यंत्राने सांगितलेले काम अचूक केलेले असेल. हा नियम प्रणालीत घालावयास हवा, हे सुचणार कोणास? देयक विभागातील अनुभवी लिपिकास आणि समाजसेविकेस. बाहेरच्या माणसास ते विचारावे लागेल, आणि काय विचारावयाचे हे त्यास आधी ठाऊक असावे लागेल.

या प्रश्नावर जगात सर्वांत बोलका अनुभव अमेरिकेतील माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयांचा आहे. तो थोडा विस्ताराने सांगणे उपयुक्त वाटते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील खात्याच्याच संगणकतज्ज्ञांनी, रुग्णालयांत डॉक्टर व परिचारिकांशेजारी बसून, एक प्रणाली थोडीथोडी घडवीत नेली. पुढे ती 'व्हिस्टा' या नावाने ओळखली गेली आणि वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रात तिचा मोठा गौरव झाला. घरच्या माणसांनी घरचे काम ओळखून केलेली ती रचना होती. परंतु काळाच्या ओघात ती जुनी झाली. २००० साली त्या खात्याने रुग्णांच्या भेटीच्या वेळा ठरविणारा भाग नव्याने करावयास घेतला. नऊ वर्षे आणि सुमारे १२ कोटी ७० लाख डॉलर खर्ची पडले, आणि २००९ मध्ये एकाही रुग्णालयात न वापरता तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये दिलेल्या अहवालात जी कारणे नोंदविली, त्यांत गरजांची अपुरी मांडणी, कंत्राटाच्या नियोजनातील उणिवा, सदोष चाचणी आणि देखरेखीचा अभाव ही प्रमुख होती. यांतील बहुतेक कामे बाहेरच्याकडे सोपविता येत नाहीत; ती मालकाचीच असतात.

पुढे मे २०१८ मध्ये त्याच खात्याने सुमारे १००० कोटी डॉलरचा करार करून संपूर्ण नवी प्रणाली बाहेरील कंपनीकडून घेण्याचे ठरविले. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन शहरातील रुग्णालयात ती प्रथम सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेल्या काही सूचना, उदाहरणार्थ तपासणीस किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठविण्याच्या सूचना, प्रणालीला त्यांचे गंतव्यस्थान न उमजल्यास एका 'अज्ञात' रांगेत जाऊन पडत. सूचना देणाऱ्या डॉक्टरास ते कळत नसे. अशा ११ हजारांहून अधिक सूचना जून २०२१ पर्यंत तेथे साचल्या होत्या. खात्याच्या महानिरीक्षकांच्या जुलै २०२२ च्या अहवालानुसार त्यामुळे १४९ रुग्णांना अपाय झाला. अशी रांग अस्तित्वात आहे हेच वापरणाऱ्यांस प्रारंभी सांगितले गेले नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये पुढील रुग्णालयांतील उभारणी थांबविण्यात आली.

कपाटात बंद राहिलेली तक्रारवही आणि ही अज्ञात रांग यांत तत्त्वतः फरक नाही. एवढेच, की वही कोणाच्या तरी हाती लागते.

भारतातील दोन उदाहरणे थोडक्यात पाहू. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने 'आयस्मार्ट' ही आपली रुग्णनोंद प्रणाली संस्थेतच घडविली. तसे करावयास स्वतःचा कायमस्वरूपी संगणक विभाग लागतो, आणि तो पोसण्याएवढा संस्थेचा व्याप असावा लागतो. दुसरे उदाहरण छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचे. तेथील रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या संगणक कंपनीतील मंडळींनी 'बाह्मनी' ही प्रणाली तयार केली. ती मुक्त स्वरूपाची असल्याने कोणीही परवानाशुल्क न देता वापरू शकतो. येथे कौशल्य बाहेरचे होते, मात्र ग्रामीण रुग्णालयाचे काम पाहूनच रचना झाली. 'फुकट' या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नये. परवान्याचा खर्च वाचतो, बसविण्याचा व शिकविण्याचा वाचत नाही.

आता पैशाकडे वळू. सल्लागाराच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. व्यापारी कंपनीस त्याची वजावट मिळते. रुग्णालयाची आरोग्यसेवा बहुतांशी करमुक्त असल्याने आपणांस तो कर स्वतःच सोसावा लागतो. १० लाख रुपयांचे शुल्क ठरले तर संस्थेच्या तिजोरीतून ११ लाख ८० हजार जातात. कर्मचाऱ्याच्या वेतनावर हा कर नाही. एवढ्यावरून आपले कर्मचारी स्वस्त पडतात असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो पुरता खरा नाही. चौकशी खिडकीवरील दोन अनुभवी व्यक्ती चार महिने या कामात गुंतल्या, तर खिडकीवर कोण बसणार? त्यांच्या जागी तात्पुरती माणसे घ्यावी लागतात, अथवा रांग वाढते. रांगेचा खर्च आमच्या हिशेबपत्रकात येत नाही. तो नातेवाईक भरतात, बुडालेल्या रोजंदारीच्या रूपाने.

घरच्या माणसांच्या आणखीही मर्यादा आहेत आणि त्या सांगावयास संकोच नको. आमच्या संगणक विभागाने अशी उभारणी यापूर्वी केलेली नाही. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे, दूरध्वनी केंद्राशी ती जोडणे, भार वाढल्यावर ती कोलमडणार नाही याची परीक्षा घेणे, ही कामे दहा ठिकाणी केलेला मनुष्य आठवड्यात करील. प्रथमच करणाऱ्यास दोन महिने लागतील. शिवाय सारे ज्ञान एकाच हुशार तंत्रज्ञाच्या डोक्यात राहिले आणि तो अधिक वेतनावर अन्यत्र गेला, तर सल्लागार निघून गेल्यासारखीच अवस्था होते. दुसरीकडे, काम रखडल्यावर घाईने बाहेरची माणसे आणण्याचा मार्गही फसवा आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात दाखविले, की उशीर झालेल्या संगणक प्रकल्पात नवी माणसे घातल्यास तो आणखी लांबतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांस शिकविण्यात जातो. सल्लागार घ्यावयाचाच तर प्रारंभी घ्यावा.

या सर्वांचा विचार करता आम्ही प्रश्नच थोडा निराळ्या रीतीने मांडला. अमुक कामाचे ज्ञान प्रणाली सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आणि पाचव्या वर्षीही लागणार आहे काय? लागणार असेल तर ते काम आपल्या माणसांनी करावे, वेळ लागला तरी. एकदाच लागणार असेल तर ते विकत घ्यावे. या कसोटीनुसार यंत्रसामग्री, जोडणी, नोंदींचे स्थलांतर आणि सुरक्षिततेची तपासणी सल्लागाराकडे जाईल. प्रश्न कोणत्या विभागाकडे जावा याचे नियम, सवलतींच्या अटी, संदेशांचे मराठी शब्द आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही कामे रुग्णालयातच राहतील. त्यासाठी देयक विभागातील एक व समाजसेवा विभागातील एक अशा दोन व्यक्तींना नेहमीच्या कामातून पूर्णपणे मोकळे करण्याचा प्रस्ताव आहे. 'आपले काम सांभाळून हेही पाहा' असे सांगितल्यास दोन्ही कामे बिघडतात, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्यास ठाऊक आहे.

सल्लागाराची निवड करताना तो स्वतः एखादी प्रणाली विकतो काय, अथवा विक्रेत्याकडून त्यास दलाली मिळते काय, हे लेखी विचारले जाईल. करारातील काही अटींबाबत विश्वस्त मंडळाने विशेष आग्रह धरावा, अशी आमची शिफारस आहे. प्रणालीचे मुख्य परवलीचे शब्द पहिल्या दिवसापासून रुग्णालयाकडे असावेत. साऱ्या नोंदी अन्य प्रणालीत नेता येतील अशा स्वरूपात केव्हाही मिळाव्यात. रुग्णांच्या माहितीच्या प्रती सल्लागाराने आपल्याकडे ठेवू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अन्वये माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे दिले तरी उत्तरदायित्व संस्थेवरच राहते, आणि सुरक्षिततेत कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची त्यात तरतूद आहे. कोठेही न पोहोचलेल्या प्रश्नांची यादी दररोज सकाळी अधीक्षकांच्या मेजावर यावी. ही अट अमेरिकेतील त्या अहवालावरून घेतली आहे.

शुल्काचा अखेरचा हप्ता सल्लागार गेल्यानंतर महिनाभर आपल्या कर्मचाऱ्यांनी त्याच्या साहाय्याविना प्रणाली चालविल्यावरच द्यावयाचा आहे. त्या महिन्यात चौकशी खिडकीवरील जुनी वहीही चालू राहील, आणि दोन्हींतील नोंदी दर शनिवारी समाजसेवा विभागात ताडून पाहिल्या जातील. ज्या आप्तेष्टांना प्रश्न नोंदविल्याचा क्रमांक मिळाला नाही, त्यांनी तो खिडकीवर मागून घ्यावा, अशी विनंती आहे.