एमील ग्सेल यांची सायगॉन व अंकोर येथील छायाचित्रे

फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगॉन जिंकले. तेथे व्यवसाय करणारे छायाचित्रकार एमील ग्सेल (१८३८–१८७९) हे १८६६ मध्ये दुदार द लाग्रे यांच्या मेकाँग मोहिमेसमवेत अंकोरला गेले. अंकोर तेव्हा सयामच्या ताब्यात होते. कंबोडियाकडे ते १९०७ मध्ये परत आले. फ्रेंच कॅमेरा, म्हणजे, फ्रेंच अंमलाच्या पुष्कळ आधी तेथे पोहोचला होता.

त्या काळची पद्धत ओल्या कलोडियनची. काचेला कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगोलग अंधाऱ्या तंबूत धुवावयाची. लेप वाळला की काच वाया जाई. साहजिकच तंबू, रसायने व जड काचा यांचे ओझे मंदिराच्या दारापर्यंत वाहून न्यावे लागे.

काचेला प्रकाश कित्येक सेकंद द्यावा लागे. दगडी शिल्प त्यामुळे रेखीव उमटे. चालता मनुष्य मात्र धूसर होई किंवा उमटतच नसे. म्हणून अशा चित्रांत रस्ते ओस दिसले, तरी नगर निर्जन होते असे अनुमान अभ्यासकाने काढू नये. उलट, एखाद्या पायरीवर मनुष्य अगदी स्पष्ट दिसत असेल, तर तो बहुधा सांगितल्यावरून तेथे निश्चल उभा राहिलेला असतो. पुष्कळदा वास्तूची उंची कळावी, एवढ्याचसाठी.