दुकानातला संगणक : आत काय असते आणि त्याला सांगावे कसे?

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरील बांबवडे किंवा मलकापूरच्या बाजारपेठेत आज किराणा, कापड, औषधे, हार्डवेअर अशा अनेक दुकानांत संगणक दिसतो. काही ठिकाणी तो दिवसभर राबतो, तर काही ठिकाणी धुळीपासून बचाव म्हणून त्यावर टाकलेले कापड आठ-आठ दिवस निघत नाही. कर्ज काढून आणलेली वस्तू अशी झाकून ठेवणे व्यापाऱ्याला परवडणारे नाही. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. यंत्र घेतले, पण ते कशाचे बनले आहे आणि त्याला माहिती कशी द्यायची, हे कोणी समजावून सांगितले नाही. आजच्या पाठात आपण एवढेच पाहणार आहोत. इंग्रजी आले नाही तरी अडत नाही. ज्याला शिलाई यंत्राची बॉबिन समजते किंवा लेथवर हात बसला आहे, त्याला हेही समजेल.

पेटीच्या आत काय असते?

संगणकाचे जे भाग हाताने धरता येतात त्यांना हार्डवेअर म्हणतात. बिल करणे, हिशेब ठेवणे यांसाठी ज्या सूचना आत भरलेल्या असतात, ते सॉफ्टवेअर. शिलाई यंत्र हे हार्डवेअर आणि कापड कसे बेतायचे याचे टेलरच्या डोक्यातील ज्ञान हे सॉफ्टवेअर, असे समजावे.

आतील मुख्य भाग दुकानाच्या भाषेत पाहू.

प्रोसेसर म्हणजे कारागीर. बेरीज, वजाबाकी, तुलना ही सारी कामे तोच करतो.

रॅम म्हणजे कारागिरापुढचे टेबल. चालू काम टेबलावर मांडलेले असते. टेबल लहान असेल तर कारागीर कितीही हुशार असला तरी काम अडते. वीज गेली की टेबल रिकामे होते. जपून न ठेवलेले बिल तेव्हाच नाहीसे होते.

हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे गोडाऊन. वीज गेली तरी तेथील माल जागेवर राहतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, त्यामुळे ती धक्क्याने बिघडू शकते. एसएसडीत फिरणारा भाग नसतो आणि ती बरीच वेगवान असते.

मदरबोर्ड ही या सर्वांना जोडणारी पेठ आहे. एसएमपीएस हा घरातील वीज संगणकाला चालेल अशा कमी दाबाच्या विजेत बदलून देतो.

गोडाऊन किती मोठे हवे, याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. आजच्या युनिकोड पद्धतीत साठवताना देवनागरीच्या एका चिन्हाला साधारण ३ बाइट जागा लागते. वहीच्या एका पानावर ५०० चिन्हे असतील, तर पानाला १,५०० बाइट झाले. १ जीबी म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट. म्हणजे १ जीबीत अशी सात लाखांहून अधिक पाने मावतात. तेव्हा केवळ बिले आणि खातेवही ठेवणाऱ्याने मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी या कामाला पुष्कळ झाली. फोटो आणि व्हिडिओची कामे करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

सांगण्याची साधने

संगणकाला माहिती देणाऱ्या साधनांना इनपुट साधने म्हणतात. पेराल तसे उगवेल, हा शेतीचा नियम येथेही लागू आहे. चुकीचा दर आत गेला की चुकीचेच बिल बाहेर येते, आणि ते छापील असल्याने गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवते.

की-बोर्ड : आजच्या की-बोर्डवरील इंग्रजी अक्षरांची मांडणी १८७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या टाइपरायटरपासून चालत आली आहे. मराठीसाठी वेगळा की-बोर्ड विकत घ्यावा लागत नाही. भारतीय भाषांसाठी ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी बहुतेक संगणकांत आधीच असते, ती फक्त चालू करावी लागते. तिचे सूत्र असे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'के' या कळीवर क, 'ओ' वर द, 'व्ही' वर न, 'जे' वर र, 'सी' वर म. डावीकडे 'ई' वर काना, 'जी' वर पहिला उकार, 'डी' वर पाय मोडण्याची खूण. आता 'दुकान' लिहायचे तर ओ, जी, के, ई, व्ही. 'रक्कम' लिहायचे तर जे, के, डी, के, सी. शिफ्ट दाबून 'के' दाबली की क चा ख होतो आणि 'ओ' दाबली की द चा ध. रोज अर्धा तास सराव करावा. काही आठवड्यांत हात बसतो.

एक सावधगिरी. जुन्या मराठी फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर फोन असो वा संगणक, सगळीकडे वाचता येतो. गिऱ्हाइकांची यादी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच ठेवावी.

माउस : डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून पहिला माउस अमेरिकेत १९६४ च्या सुमारास तयार झाला; त्याची पेटी लाकडी होती. आजच्या माउसच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची चित्रे वेगाने टिपतो आणि त्यातील फरकावरून हालचाल ओळखतो. म्हणूनच काचेच्या काउंटरवर माउस नीट चालत नाही. तो बिघडला असे समजून नवा घेण्याआधी खाली कागद ठेवून पाहावा.

बारकोड स्कॅनर : २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड प्रथम वाचला गेला. पांढऱ्या पट्टीवरून प्रकाश परततो, काळ्यावरून फारसा परतत नाही. त्यावरून यंत्र आकडे ओळखते. आपल्याकडील मालावर बहुधा १३ आकडे असतात. सुरुवातीचे ८९० म्हणजे तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला आहे. माल भारतातच बनला आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

शेवटचा आकडा तपासणीचा असतो. समजा पहिले १२ आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा : ८+०+२+४+६+८ = २८. उरलेल्यांची बेरीज ९+१+३+५+७+९ = ३४; तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. यात किती मिळवले की पुढचा पूर्ण दहा होतो? येथे तो आधीच पूर्ण आहे, म्हणून तेरावा आकडा ०. आकडा जुळला नाही की स्कॅनर क्रमांक स्वीकारत नाही.

साधा स्कॅनर संगणकाला की-बोर्डसारखाच वाटतो. विकत घेताना नोटपॅड उघडून पाकीट समोर धरावे. आकडे उमटले की यंत्र चांगले.

क्यूआर कोड : १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यावर तो आपल्या गल्ल्यावर आला. येथे गिऱ्हाइकाच्या फोनचा कॅमेरा हेच इनपुट साधन असते. आपल्या पाटीवर कोणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे रोज दुकान उघडताना पाहावे. पैसे घेण्यासाठी आपल्याला कधीच पिन टाकावा लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक काटा : आपल्या जिल्ह्यातील अनेक दूध संस्थांत दूध काट्यावर ठेवले की वजन, आणि नमुना यंत्रात घातला की फॅट, आपोआप संगणकात जाते आणि उत्पादकाला छापील पावती मिळते. मध्ये कोणाचा हात नाही, म्हणून लिहिण्याची चूक नाही आणि तंटाही कमी. फळे, मटण, भंगार, सुका मेवा तोलून विकणाऱ्या बांधवांनी नवा काटा घेताना तो संगणकाला जोडता येतो का, हे विचारून घ्यावे. मात्र वैधमापन खात्याचा शिक्का वेळेवर करून घेण्यास विसरू नये.

स्कॅनर : जरीकाम, भरतकाम, मेंदी, पाटी रंगवणे या कामांतील नमुने स्कॅन करून ठेवले की हातची कला कागद फाटल्याने जात नाही. कागदपत्रासाठी ३०० डीपीआय पुरे. बारीक नक्षीसाठी ६०० ठेवावे.

झिजलेले बोट

आता कारागिरांच्या सर्वांत जवळच्या साधनाकडे वळू. ते म्हणजे अंगठ्याचे यंत्र. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी आधारची सुरुवात झाली. त्यानंतर रेशन दुकान, बँकेचा प्रतिनिधी, सिमकार्ड, सगळीकडे बोट टेकवणे आले. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, कुलूप दुरुस्त करणारे, गवंडी, शिंपी अशा १८ व्यवसायांचा समावेश झाला. तिच्या नोंदणीतही बोटाचा ठसा लागतो.

अडचण येथेच आहे. कानस चालवणारा शिकलगार, सिमेंट कालवणारा गवंडी, कापूस पिंजणारा नदाफ यांच्या बोटांवरील रेषा कामानेच झिजतात. यंत्र या रेषांचे उंचवटे वाचते. ते नसतील तर माणूस समोर उभा असूनही त्याला ओळखत नाही. ज्या हाताने आयुष्यभर काम केले, त्याच हातामुळे कामाचा लाभ अडतो. अशा वेळी निमूटपणे परत फिरू नये. पुढील उपाय क्रमाने करून पाहावेत :

१. हात धुऊन कोरडे करावेत. कातडी फारच कोरडी असेल तर किंचित तेल लावून पुसून घ्यावे. यंत्राची काचही पुसायला सांगावी.

२. अंगठाच चालतो असे नाही. नोंदणीत दहाही बोटे घेतलेली असतात. करंगळी किंवा अनामिका कमी झिजते, ती लावून पाहावी.

३. डोळ्याचे यंत्र किंवा फोनवर येणारा ओटीपी यांची सोय आहे का, हे विचारावे. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा.

४. तरीही जमत नसेल तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवावेत.

आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. यंत्रावर ठेवलेले बोट ही आपली सहीच आहे. पडद्यावर कोणती रक्कम आहे हे पाहिल्याशिवाय बोट ठेवू नये आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये.

वारणाकाठचा धडा

यंत्र निवडताना कामाचा विचार आधी करावा, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. शाहूवाडीच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यात, वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधाराने, १९९८ मध्ये ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याची योजना सुरू झाली. केंद्र आणि राज्य सरकारचाही त्यात सहभाग होता. शेती, शिक्षण, सरकारी कामे असे सारे एका खिडकीत मिळावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या नोंदी, वजन, खते आणि बिले यांपुरताच राहिला. खंडित वीज आणि जुन्या होत चाललेल्या यंत्रांची दुरुस्ती यांनी खर्च वाढवला. २००६ च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत हेच काम मोबाइलवरील एसएमएसने करून पाहिले, आणि ते कमी खर्चात जमले.

संगणक वाईट होता, असा याचा अर्थ नव्हे. काम चार आकड्यांचे असेल तर साधन तेवढेच असावे, हा त्यातील धडा आहे. रोज वीस गिऱ्हाइके येणाऱ्या टेलरला माप आणि तारीख टिपायला फोन पुरतो. दोन हजार प्रकारचे नट-बोल्ट ठेवणाऱ्याला मात्र संगणक आणि स्कॅनरशिवाय साठ्याचा मेळ बसणार नाही.

आपल्या हवेत घ्यायची काळजी

आंब्यापासून मलकापूरपर्यंत पावसाचा जोर सर्वांना ठाऊक आहे. ओल, उंदीर आणि वीज हे संगणकाचे तीन शत्रू. यंत्र भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावे; आतील उबेने ओल धरत नाही. वायरिंग करणाऱ्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते बिघडले आहे. यूपीएस ही दिवसभर काम करण्यासाठी नसते, हातातले बिल जपून यंत्र बंद करण्यापुरती ती काही मिनिटे देते. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढून ठेवावा. आणि आठवड्यातून एकदा सर्व हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी. पेटी नवी मिळते, बुडालेली उधारीची वही मिळत नाही.

उजळणी

१. वीज गेल्यावर कोणत्या भागातील माहिती पुसली जाते?
२. इनस्क्रिप्टमध्ये 'नका' लिहिण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्या लागतील?
३. घरातील एखाद्या पाकिटावरील १३ आकडे घेऊन शेवटचा आकडा बरोबर आहे का, हे पडताळा.
४. आपल्या दुकानात रोज होणाऱ्या नोंदी एका कागदावर लिहा. त्यांतील कोणती नोंद हाताने टाइप न करता यंत्राकडून घेता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्यावरच खरेदीला निघावे. तो कागद खिशात असला की दुकानदार काय दाखवतो यापेक्षा आपल्याला काय हवे आहे, यावर सौदा होतो.