तार जुळली, पडदेही जुळावेत

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या मुलांची एक तक्रार वारंवार ऐकू येते : मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक जुळतात, परंतु मानेवर वर सरकताच सूर चढे लागतात. तारांची जाडी बदलल्यानंतर हे विशेषेकरून घडते. विद्यार्थी आपल्या बोटांना दोष देतो, घरचे त्याच्या कानाला. आणि चांगला कान असलेले मूल हळूहळू वाद्य बाजूला ठेवते. वास्तविक दोष पुष्कळदा वाद्याच्या जुळणीत असतो. तो कसा दूर करावा, हे आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : कंप पावणारी लांबी, ताण आणि तारेचे दर लांबीमागील वजन. फ्रान्सच्या मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्ये हे नियम ग्रंथबद्ध केले. बाराव्या पडद्यावर लांबी निम्मी होते, म्हणून तेथील स्वर मोकळ्या स्वराच्या नेमका एक सप्तक वर हवा. प्रत्यक्षात दाबताना तार किंचित ताणली जाते. शिवाय जाड तार टोकांशी ताठ राहते, त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी थोडी कमी भरते. दोन्ही कारणांनी स्वर चढतो. त्याची भरपाई म्हणून ब्रिजवरील प्रत्येक सॅडल किंचित मागे ठेवलेले असते. जाडी बदलली की ही भरपाई अपुरी वा अधिक ठरते.

०.००९ इंचाच्या पहिल्या तारेऐवजी ०.०१० इंचाची लावल्यास त्याच स्वरासाठी ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. मान पुढे वाकते, तारा उंच होतात. स्प्रिंगचा तरंगता ब्रिज असल्यास तोही उचलला जातो. म्हणून प्रथम नव्या तारा हाताने हलकेच ओढून स्थिर कराव्यात व स्वरात आणाव्यात. मग मागील स्प्रिंगचे स्क्रू आवळून ब्रिज पूर्ववत करावा. त्यानंतर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता मान नीट करावी आणि शेवटी तारांची उंची ठरवावी. हा क्रम मोडल्यास पुढील श्रम वाया जातात.

आता गिटार वाजवण्याच्या स्थितीत धरून मोकळी तार जुळवावी आणि बारावा पडदा नेहमीच्याच दाबाने वाजवावा. स्वर चढा असेल तर सॅडल मानेपासून दूर न्यावे, उतरलेला असेल तर मानेकडे आणावे. स्क्रू फिरवण्यापूर्वी तार सैल करावी आणि दर वेळी ती पुन्हा जुळवूनच तपासावी. ६४८ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर सॅडल १ मिलिमीटर सरकल्यास बाराव्या पडद्यावर सुमारे पावणेतीन सेंटांचा फरक पडतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. केवळ पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरच सूर चढत असेल तर दोष सहसा नटच्या खाचेत असतो. जाड तार अरुंद खाचेत वर राहते. ती खाच जाणत्या कारागिराकडूनच घासून घ्यावी.

इतके करूनही तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला गिटारचा शुद्ध गांधार सुमारे १४ सेंट चढा वाटेल. समान अंतराच्या स्वररचनेचा तो स्वभाव आहे. तेथे सॅडल फिरवत बसू नये. पालकांना व शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की तारा बदलल्यावर मूल बेसूर वाजवू लागले, तर त्याला बोलण्याआधी बारावा पडदा तपासावा.