सणाच्या दिवशी हन्ना का रडली?



तिश्री महिना जवळ आला की घराघरांतून चिकाच्या हलव्याचा सुवास येऊ लागतो. पण ज्या घरातले माणूस याच वर्षी गेले, त्या घराला हा सुवासही सोसवत नाही. सणापूर्वी सात दिवसांचा दुखवटा सुरू झाला असेल, तर रोश हशाना लागताच तो संपतो, असा आपल्या शास्त्राचा नियम आहे. दुखवटा संपतो, दुःख मात्र नियमाने संपत नाही. मग सणाच्या दिवशी रडणारा माणूस सणाचा मान मोडतो काय?

याचे उत्तर रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या नव्याच्या सणाच्या, पहिल्या दिवशीच्या हाफतारेत आहे. एलकाना दरवर्षी कुटुंबासह शिलो येथे यज्ञ करण्यास जाई. त्याची बायको हन्ना हिला मूल नव्हते, आणि सवत पनिन्ना तिला टोचून बोले. सणाचा वाटा पुढे आला, तरी हन्ना जेवत नसे, रडत बसे.

येथे दोन भली माणसे चुकतात. एलकानाचे तिच्यावर प्रेम होते. पण मी असताना तुला मुलांची काय उणीव, अशा अर्थाचे तो बोलतो. एली कोहेन तिचे नुसते हलणारे ओठ पाहून ती प्यायली आहे असे समजतो. हन्ना मात्र शांतपणे सांगते की, ती देवापुढे आपले मन रिते करीत होती. तेव्हा एली तिला आशीर्वाद देतो. मग ती जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. ध्यानात घ्या, शमुवेलचा जन्म अजून व्हायचा होता! मन मोकळे झाले आणि कोणीतरी ते ऐकून घेतले, एवढेच घडले होते. ओठ हलवून हळू आवाजात अमीदा म्हणण्याची रीत आपल्या ज्ञानी पुरुषांनी याच रडणाऱ्या बाईकडून घेतली.

एलकानाची चूक आम्हीही केली आहे. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांची पत्नी वारली होती. सणाला आम्ही त्यांना म्हणालो, "मुले जवळ आहेत, नातवंडे आहेत, मग खिन्न का बसता?" ते काही बोलले नाहीत आणि सणभर बाहेर आले नाहीत. पुढल्या वर्षी आम्ही हलव्याची बशी घेऊन गेलो व एवढेच म्हणालो, "वहिनींच्या हातच्या हलव्याची आठवण येते." ते रडले, मग पुष्कळ बोलले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आमच्याबरोबर चालत आले.

एज्रा व नहेम्या यांच्या काळी याच दिवशी लोक रडू लागले, तेव्हा ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटा पाठवावा, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून यंदा अशा घरी बशी पाठवू नका, स्वतः घेऊन जा. गेलेल्या माणसाचे नाव घ्या, आणि मग ऐका. ज्यांना दुःख आहे त्यांनीही हन्नाप्रमाणे ते बोलून दाखवावे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, असे असेल तर कुपात होलीमच्या डॉक्टरांना सांगावे; त्यात कमीपणा नाही.

रडत आलेल्या हन्नाला सणाने परत पाठवले नाही. आपणही कोणाला पाठवू नये.

शाना तोवा!