काचेवरची चकाकी : पिनबॉलच्या यंत्राकडून घेतलेला एक धडा



या अंकातला विज्ञानाचा पाठ एका चुकीपासून सुरू होतो, आणि ती चूक आम्हा शिक्षकांची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सातवीच्या वर्गातील फळ्याला नवा रंग दिला. सुट्टीनंतर उजव्या भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीची गणिते चुकू लागली. फळ्यावर ८ असेल तर वहीत ३ यायचे, उणे चिन्ह गळायचे, कधी अख्खी ओळच राहून जायची. "लक्ष कुठे असते तुझे?" म्हणून आम्ही तिला रागावलो, वहीत लाल शेरे मारले. तिच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितले. डोळे उत्तम निघाले. मग तर आम्ही जास्तच रागावलो.

तीन आठवड्यांनी आमच्यातले एक शिक्षक वह्या तपासत सहज त्या बाकावर बसले आणि त्यांनी मान वर करून फळ्याकडे पाहिले. फळ्याचा डावा अर्धा भाग पांढराशुभ्र चमकत होता. समोरच्या खिडकीचे गजसुद्धा त्यात दिसत होते. खडूची अक्षरे मात्र दिसत नव्हती. फळ्याला मॅट रंगाऐवजी चकचकीत ऑइलपेंट लागला होता. वर्गातल्या इतर बाकांवरून तोच फळा व्यवस्थित दिसत होता, म्हणून कुणाचीच तक्रार नव्हती.

याच सुमारास आमचे एक माजी विद्यार्थी शाळेत भेटीला आले. ते अमेरिकेत शिकागोजवळ राहतात आणि पिनबॉलची जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचा त्यांना छंद आहे. फळ्याची हकिगत ऐकून ते हसले आणि म्हणाले, "सर, आमच्या यंत्राचे दुखणे अगदी हेच." त्यांनी वर्गात घेतलेल्या तासाच्या आधाराने आम्ही हा पाठ लिहिला आहे.

पिनबॉल म्हणजे काय?

उतरत्या फळीवर पोलादी गोळी सोडायची आणि ती खाली घरंगळून जाऊ नये म्हणून बटणे दाबून लहान दांड्यांनी पुन्हा वर टोलवायची, असा हा खेळ आहे. या दांड्यांना फ्लिपर म्हणतात. १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत स्प्रिंगने गोळी सोडण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. १९३१ साली डेव्हिड गॉटलिब यांचे 'बॅफल बॉल' हे यंत्र खूप खपले. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्याच 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात प्रथम फ्लिपर आले. या धंद्याचे मोठे केंद्र शिकागो शहर होते. न्यूयॉर्कमध्ये हा खेळ जुगार मानला जाई, म्हणून १९४२ पासून १९७६ पर्यंत तेथे त्यावर बंदी होती.

आपल्या पाठासाठी यंत्राचे दोन भाग लक्षात ठेवू या. पहिला भाग म्हणजे खेळाची फळी. ती सुमारे साडेसहा अंशांनी खेळाडूकडे उतरती असते आणि तिच्यावर जाड काच असते. तिचे नेहमीचे माप २१ इंच रुंद व ४३ इंच लांब. दुसरा भाग म्हणजे फळीच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली पेटी, म्हणजे बॅकबॉक्स. या पेटीच्या दर्शनी काचेवर रंगीत चित्र असते आणि आत दिवे असतात.

चित्राच्या मागचा दिवा

जुन्या यंत्रांत हे चित्र काचेच्या मागच्या बाजूने छापलेले असते. आपल्याकडे जुन्या घरांत काचेच्या मागून रंगवलेली देवादिकांची चित्रे कुणी पाहिली असतील. तीच ही रीत. जे सर्वांत पुढे दिसायचे ते आधी आणि पार्श्वभूमी शेवटी, असा सगळा उलटा क्रम असतो. जेथून प्रकाश यायला हवा तेथे रंग पातळ ठेवतात आणि जेथे नको तेथे मागून जाड थर देतात.

आतले जुने बल्ब ६.३ व्होल्टचे असतात. त्यांतला ४४ क्रमांकाचा बल्ब ०.२५ अँपिअर विद्युतधारा घेतो आणि ४७ क्रमांकाचा ०.१५ अँपिअर. शक्ती काढण्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. पहिला बल्ब सुमारे १.५८ वॅट घेतो, तर दुसरा ०.९५ वॅट. आता पेटीत असे ४० बल्ब आहेत असे धरू. ४४ क्रमांकाचे बल्ब लावले तर ६३ वॅट होतात आणि ४७ क्रमांकाचे लावले तर सुमारे ३८ वॅट. यातील बहुतेक ऊर्जेची उष्णताच होते. बंद पेटीत काच तापते, निवते, पुन्हा तापते. काच आणि रंग सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून कालांतराने रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. एकदा गळालेले मूळ चित्र परत येत नाही. म्हणून जाणते लोक आधी उष्णता कमी करतात आणि मग उजेडाचा विचार करतात.

उजेड सुधारण्याच्या रीती साध्या आहेत. पेटीची आतली बाजू पांढरी ठेवावी, म्हणजे प्रकाश सर्वत्र विखुरतो. बल्बचे खोबण गंजले असेल तर आधी ते साफ करावे, कारण दिवा मंद असण्याचे कारण पुष्कळदा तेच असते. एलईडी दिवे लावले तर उष्णता फार कमी होते, पण त्यांत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

१. उघड्या एलईडीचा प्रकाश एका दिशेला जोरात पडतो आणि चित्रावर ठिपके दिसतात. म्हणून दुधी आवरणाचे दिवे घ्यावेत.

२. निळसर पांढऱ्या प्रकाशात लाल आणि पिवळा रंग फिके पडतात. चित्रात ते रंग जास्त असतील तर पिवळसर पांढरा दिवा बरा.

३. बल्बची तार तापलेली राहते, म्हणून वीज क्षणभर थांबली तरी तिचा उजेड टिकतो. एलईडी लगेच विझतो. अमेरिकेत वीजप्रवाह सेकंदाला ६० आवर्तने करतो. रेक्टिफायर नसलेला एलईडी दर आवर्तनात अर्धा वेळ बंद असतो, त्यामुळे काहींच्या डोळ्यांना तो लुकलुकताना जाणवतो.

उजेड वाढवला, तरी दिसेना

आता खरी गंमत. पेटीतले चित्र छान उजळले, पण खेळणाऱ्याला गोळीच दिसेना! असे का झाले?

परावर्तनाचा नियम आठवा : आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. पेटी उभी आहे आणि फळीवरची काच जवळजवळ आडवी. पेटीतून निघालेला प्रकाश काचेवर पडतो आणि तेथून नेमका खेळणाऱ्याच्या डोळ्यांकडे जातो. त्यामुळे फळीच्या वरच्या भागात चित्राचे प्रतिबिंब तरंगताना दिसते आणि गोळी त्याखाली हरवते.

काच किती प्रकाश परत पाठवते? सरळ समोरून पाहिले तर साध्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते. काचेला दोन बाजू असतात, म्हणून एकूण सुमारे ८ टक्के. पण तिरपे पाहू लागलो की हे प्रमाण वाढते. स्तंभिकेशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक बाजूचे ९ टक्के होतात आणि ७५ अंशांना सुमारे २५ टक्के. खेळणारा फळीच्या दूरच्या टोकाकडे तिरपाच पाहत असतो. म्हणून पेटीचा उजेड दुप्पट केला की प्रतिबिंबही दुप्पट उजळ होते. फळीवरचा उजेड मात्र तेवढाच राहतो. म्हणजे आपण उजेड वाढवला आणि दिसणे कमी केले.

उपाय तीन ठिकाणी

चकाकी होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : दिवा, चकचकीत पृष्ठभाग आणि डोळा. तिन्ही विशिष्ट कोनांत आल्या तरच चकाकी दिसते. तेव्हा उपायही तीनच ठिकाणी करता येतो.

दिवा : पेटीतले दिवे मंद करावेत आणि फळीवरचे दिवे थोडे वाढवावेत. खोलीतला दिवा यंत्राच्या वर किंवा खेळणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर तो हलवावा. खेळणाऱ्याचा पांढरा सदरासुद्धा काचेत दिसतो!

दिव्यासाठी एक नामी युक्तीही आहे. सुमारे ५६ अंशांच्या कोनात काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात. त्या दिशेतली कंपने अडवणारा ध्रुवक पडदा पेटीच्या चित्रावर लावला, तर चित्र दिसते आणि त्याचे प्रतिबिंब मात्र खूपच फिके होते. पडद्यामुळे चित्राचाही उजेड बराच कमी होतो, हे लक्षात ठेवावे.

पृष्ठभाग : चकाकी कमी करणारा लेप दिलेली काच बसवता येते. या काचेमागे एका विदुषीचे काम आहे. १९३८ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी काचेवर साबणासारख्या पदार्थाचे एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवले. या सर्व थरांची मिळून जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश होती. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे दोन तरंग एकमेकांच्या उलट पडले आणि एकमेकांना नाहीसे करू लागले. त्या काचेत प्रतिबिंब जवळजवळ दिसेनासे झाले. तो लेप बोटाने पुसला जाई. पुढे टिकाऊ लेप निघाले. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर दिला तर ४ टक्के परावर्तन सव्वा टक्क्याच्या आसपास येते. चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर असेच लेप असतात. याच ब्लॉजेट १९२६ साली केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या होत्या.

डोळा : खेळणाऱ्याने जागा किंवा उंची बदलली तर चकाकी सरकते. पण प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून हा उपाय सर्वांना पुरत नाही.

पुन्हा आपल्या फळ्याकडे

आमच्या वर्गात दिवा म्हणजे डावीकडची खिडकी, पृष्ठभाग म्हणजे ऑइलपेंटचा फळा आणि डोळे त्या मुलीचे. आम्ही उपाय करायला सुरुवात केली ती डोळ्यांपासून, आणि तीसुद्धा दोष देऊन! खरे तर खिडकीला अर्धा पडदा लावणे हे पाच मिनिटांचे काम होते. ते आम्ही त्याच दिवशी केले. पुढच्या रविवारी फळा बारीक पॉलिशपेपरने घासून त्यावर मॅट काळा रंग दिला. खडबडीत पृष्ठभागावर अनियमित परावर्तन होते, प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून खिडकीचे चित्र त्यात उमटत नाही. सोमवारी त्या मुलीने सगळी गणिते बरोबर उतरवून घेतली.

त्याच दिवशी आम्ही सर्व वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि तिच्या वहीतले लाल शेरे स्वतःच्या हाताने खोडले. ती एवढेच म्हणाली, "बाई, मला वाटले सगळ्यांना तसेच दिसते." हे वाक्य आम्हाला त्या शेऱ्यांपेक्षा जास्त लागले. मुलाला दिसत नसेल तर ते सांगेल, असे आपण गृहीत धरतो. पण इतरांना काय दिसते हे त्याला कसे कळावे?

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, रंगकामाच्या यादीत फळ्यासाठी 'मॅट' हा शब्द आवर्जून लिहावा आणि काम झाल्यावर आपल्यापैकी कुणीतरी प्रत्येक वर्गातल्या चारही कोपऱ्यांतल्या बाकांवर बसून पाहावे. पालकांनी घरी अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा आणि टेबलाची काच याच नजरेने एकदा तपासावी. आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे की, वहीत शेरा मारण्याआधी त्या बाकावर बसून फळा पाहायचा.

करून पाहा

१. टेबलावर काच ठेवून तिच्याखाली वर्तमानपत्र ठेवा. पलीकडे उभा चालू टॉर्च ठेवा. डोळा वरखाली करून अक्षरे कोठून दिसत नाहीत ते शोधा.

२. त्याच काचेखाली एकदा काळा आणि एकदा पांढरा कागद ठेवा. प्रतिबिंब कशावर ठळक दिसते? का?

३. ३० बल्बांच्या पेटीत ४४ क्रमांकाऐवजी ४७ क्रमांकाचे बल्ब लावले तर किती वॅट वाचतील?

४. आपल्या वर्गाचा नकाशा काढा. फळा, खिडक्या व बाक दाखवा. कोणत्या बाकावर चकाकी येईल ते नियम वापरून आधी ठरवा आणि मग तेथे बसून खात्री करा.

चौथ्या प्रश्नाचे नकाशे वर्गशिक्षकांकडे द्यावेत. ज्या बाकावर चकाकी सापडेल, तेथे पडदा लावण्याचे काम आम्ही आठ दिवसांत करू.